चित्रात दोनच पाय, मग बैल उभा कसा राहतो?

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपूरकडे लहान मुलं लाकडी नंदी मिरवतात त्या सणाला, आठ दिवस होते. माझ्या सहा वर्षांच्या भाच्यानं वहीच्या पानावर नंदी काढला. बाजूनं दिसणारा, मोठं वशिंड, एक शिंग, एक डोळा, आणि पुढे एक, मागे एक असे दोन पाय. त्याच्या बाबांनी पानाचा फोटो काढून फोनमधल्या एका ॲपला दिला. चित्रावरून त्रिमिती वस्तू, म्हणजे लांबी-रुंदीबरोबर खोलीही असलेली वस्तू, तयार करून देणारी अशी ॲप्स आता बरीच निघाली आहेत. त्यातून मिळालेली फाइल थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडे नेली की प्लास्टिकचं खेळणं हातात येतं. ॲपनं थोड्याच वेळात बैल दिला. बोटानं फिरवून पाहिला तर तो पुरीसारखा दोन्हीकडून फुगलेला होता आणि त्याला पाय दोनच होते. भाच्याचा चेहरा पडला.

मग तेच पान गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "याले चाकं लावाची का जी?" पायांबद्दल त्यांनी विचारलंच नाही.

मी पॉलिटेक्निकात पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते. 'रेषा पाहा आणि वस्तू डोळ्यांपुढे आणा' हे वाक्य मी वर्गात हजारदा म्हटलं असेल. सुतारकाकांना जे क्षणात जमलं ते संगणकाला शिकवायला माणसं साठ वर्षांहून अधिक काळ झटत आहेत. त्या प्रवासात आपल्या नजरेबद्दलही बरंच कळतं, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

कागदावर काय हरवतं?

उन्हात कपड्यांचा तारेचा हँगर धरा आणि जमिनीवर पडलेली सावली पाहा. आता तारेचं एखादं टोक बरोबर उन्हाच्या दिशेनं, सूर्याकडे किंवा सूर्यापासून दूर, वाकवा. हँगर वेडावाकडा होईल, सावली मात्र जशीच्या तशी राहील. कागदावरचं चित्र ही अशीच एक सावली असते. तिला प्रक्षेप म्हणतात. डावं-उजवं आणि वर-खाली तिच्यात उतरतं, जवळ-लांब उतरत नाही.

साधा ठोकळा घ्या. त्याला आठ कोपरे. प्रत्येक कोपरा कागदावर कुठे आहे ते पट्टीनं मोजता येतं, पण तो डोळ्यांपासून किती लांब आहे हे कागद सांगत नाही. म्हणजे आठ आकडे गायब. त्या जागी कुठलेही आठ आकडे भरा, तारेची एक नवी आकृती तयार होईल आणि समोरून तिचं चित्र तेच दिसेल. एका चित्रामागे अशा अगणित वस्तू उभ्या असतात.

खात्री करायची तर वहीत दोन सारखे चौकोन काढा, एक जरा वर-उजवीकडे सरकवलेला, आणि त्यांचे कोपरे रेषांनी जोडा. पारदर्शक ठोकळा दिसेल. त्याच्याकडे टक लावून पाहत राहा. मघाशी पुढे वाटणारा चौकोन अचानक मागे जाईल आणि मागचा पुढे येईल. स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्या लुई नेकर या स्विस शास्त्रज्ञानं स्फटिकांच्या रेखाचित्रांत ही उडी पाहिली आणि १८३२ साली तिच्याबद्दल लिहिलं. कागदावरचा एक कणही हललेला नसतो. ठोकळा आपणच उलटवलेला असतो.

रेषांचं व्याकरण

१९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत लॅरी रॉबर्ट्स या विद्यार्थ्यानं आपल्या पीएचडीसाठी ठोकळ्यांच्या फोटोतल्या रेषा ओळखून त्यावरून वस्तू उभी करणारा प्रोग्रॅम लिहिला. (इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेटची आखणी पुढे याच रॉबर्ट्सच्या हाताखाली झाली.) त्याच्या प्रोग्रॅमला मोजकेच मूळ आकार ठाऊक होते. त्यांना ताणून, फिरवून, एकमेकांना जोडून समोरचं चित्र जुळतं का ते तो पाहायचा. ओळखीच्या आकारांपलीकडचं काही आलं की गाडी अडायची.

आठ वर्षांनी, १९७१ मध्ये, डेव्हिड हफमन आणि मॅक्स क्लोव्ज या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच प्रश्न विचारला: आकार ओळखीचा नसला तरी नुसत्या रेषेवरून काय कळू शकतं? त्यांचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते घरबसल्या पडताळता येतं. सपाट बाजूंच्या वस्तूत रेष तीनच प्रकारची असते. विटेची धार हा पहिला प्रकार: दोन्ही बाजू दिसतात आणि धार आपल्याकडे आलेली असते. खोलीत भिंत आणि फरशी मिळतात ती दुसरी: दोन्ही बाजू दिसतात, पण सांधा आत गेलेला असतो. तिसरी म्हणजे कड, जिथे वस्तूची दिसणारी बाजू संपते आणि पलीकडे दुसरंच काहीतरी, लांबचं, सुरू होतं. या कडेला दिशाही असते, कारण वस्तू तिच्या डावीकडे आहे की उजवीकडे हे सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक रेषेवर लावायच्या खुणा झाल्या चार.

आता रेषा जिथे मिळतात ते सांधे पाहा. दोन रेषांचा सांधा इंग्रजी एलसारखा. तीन रेषांचे सांधे तीन तऱ्हांचे: वायसारखा, बाणाच्या टोकासारखा आणि टीसारखा. एलवर चार गुणिले चार म्हणजे १६ प्रकारे खुणा लावता येतात, उरलेल्या तिघांवर प्रत्येकी ६४ प्रकारे. एकूण २०८. पण ज्या वस्तूंच्या प्रत्येक कोपऱ्यात तीनच बाजू मिळतात अशा खऱ्याखुऱ्या घन वस्तूंत यातले फक्त १८ प्रकार दिसू शकतात. बाकीचे १९० जगात घडतच नाहीत!

इथून पुढचं काम सुडोकूचं. एका सांध्यावर लावलेली खूण त्याच रेषेच्या दुसऱ्या टोकालाही तीच असली पाहिजे. त्यामुळे एका घरातला आकडा ठरला की शेजारच्या घरातले पर्याय कमी होतात, तसं इथेही होतं. डेव्हिड वॉल्ट्झनं १९७२ मध्ये या खेळात सावल्यांच्या रेषाही आणल्या. सांध्यांचे शक्य प्रकार त्यामुळे हजारोंनी वाढले, आणि तरीही उत्तर अधिक लवकर, बहुतेकदा एकच, निघू लागलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं. पण सुडोकूत आधीच भरलेली घरं जास्त असली की कोडं सोपं होतं, तसंच हे. सावली ही जादा साक्षीदार असते.

पेन्सिलीच्या जाडीएवढी चूक

व्याकरण बरोबर असलं म्हणजे वाक्याला अर्थ असतोच असं नाही. लायनेल आणि रॉजर पेनरोज या बापलेकांनी १९५८ साली एक त्रिकोण प्रसिद्ध केला. तीन जाड दांडे, प्रत्येक दोन दांडे काटकोनात जोडलेले. एकेक कोपरा बोटानं झाकून पाहिला तर उरलेलं सगळं बरोबर दिसतं. बोट उचललं की लक्षात येतं, अशी वस्तू असूच शकत नाही. हफमननं अशा चित्रांना निरर्थक वाक्यांची उपमा दिली.

ही चित्रं गाळायची तर खुणा पुरत नाहीत, गणित मांडावं लागतं: प्रत्येक बाजू खरोखर सपाट राहील अशी खोली सगळ्या कोपऱ्यांना देता येते का? जपानच्या कोकिची सुगिहारांनी १९८०च्या दशकात हा प्रश्न समीकरणांत नीट बसवला. आणि तिथे एक अडचण उघडी पडली, जी माझ्या वर्गात रोज दिसते.

टोक कापलेला त्रिकोणी पिरॅमिड काढा. त्याच्या तीन तिरक्या कडा वर वाढवल्या तर त्या एकाच बिंदूत मिळायला हव्यात, कारण कापण्याआधी टोक तिथेच होतं. हातानं काढताना एक कड केसभर सरकली की त्या तिघी एका बिंदूत मिळत नाहीत, आणि गणिताच्या दृष्टीनं ती वस्तू अशक्य ठरते. माणसाला ते चित्र पूर्ण बरोबर दिसतं, काटेकोर प्रोग्रॅम मात्र ते नाकारतो. चित्रातली कुठली चूक मनावर घ्यायची आणि कुठली सोडून द्यायची हा निवाडा समीकरणात आपोआप येत नाही. सुगिहारांनाही त्यासाठी वेगळी सूट ठेवावी लागली.

ताणलेल्या दोऱ्या

बरं, चित्र शक्य आहे हे ठरलं. पण अगणित शक्य वस्तूंतली एक निवडायची कशी? थॉमस मॅरिलनं १९९१ मध्ये एक नियम सुचवला: ज्या वस्तूतले सगळे कोन एकमेकांच्या जास्तीत जास्त जवळचे येतील ती निवडा. तारेच्या अगणित वेड्यावाकड्या आकृत्यांमधून यानं साधा ठोकळाच वर येतो, कारण त्याचे सगळे कोन काटकोन.

पुढे १९९६ मध्ये लिप्सन आणि श्पितालनी यांनी असे अनेक नियम एकत्र बांधले. कागदावर समांतर दिसणाऱ्या रेषा प्रत्यक्षातही समांतर असाव्यात, डावी-उजवी बाजू सारखी असावी, बाजू सपाट असाव्यात, काटकोन दिसतो तिथे काटकोन असावा. लग्नाच्या मांडवाचा खांब उभा करताना चारी बाजूंनी दोऱ्या ताणतात तसं हे आहे. प्रत्येक नियम कोपऱ्यांना आपल्याकडे ओढतो, आणि ओढाताण जिथे सर्वांत कमी होते तिथे वस्तू स्थिरावते. पेन्सिलीची चूक इथे खपून जाते, कारण कुठलीच दोरी एकटी सगळं ठरवत नाही.

हे नियम कागदावर कुठेच लिहिलेले नसतात. बहुतेक वस्तू माणसानं बनवलेल्या, काटकोनी, दोन्हीकडून सारख्या असतात, या अनुभवातून ते आलेले आहेत. सुतारकाकांचं ज्ञान याच जातीचं.

मग कारखान्यात कसं चालतं?

कारखान्यात अंदाज चालत नाही. तिथे एका वस्तूची निदान दोन-तीन चित्रं काढतात: समोरून, वरून, बाजूनं. समोरच्या चित्रात हरवलेली खोली वरच्या चित्रात मोजता येते. न दिसणाऱ्या कडा तुटक रेषेनं दाखवतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या गास्पार मोंजनं या पद्धतीला शास्त्राचं रूप दिलं. लष्कराला ती इतकी मोलाची वाटली की सुरुवातीला ती गुपित ठेवली होती.

पण चित्रं कशी मांडायची याचा करार दोन्हीकडे एकच हवा. भारतात फर्स्ट अँगल पद्धत प्रमाण आहे, अमेरिकेत थर्ड अँगल. आपल्याकडे उजवीकडे काढलेलं चित्र डाव्या बाजूनं पाहिलेलं असतं, तिकडे उजव्या बाजूनं. हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्यांच्याकडे परदेशी ड्रॉइंगवरून चाळीस ब्रॅकेट तयार झाले आणि सगळे आरशातल्यासारखे उलटे निघाले. मला बोलावून शीट समोर ठेवत तो म्हणाला, "मॅडम, ड्रॉइंग पाहूनच केलं नं जी. काहून उलटं झालं?" शीटच्या कोपऱ्यात थर्ड अँगलची खूण होती, कापलेल्या शंकूची, बोटाच्या पेरापेक्षा लहान. ती न पाहता शीट वाचलं की पुढचं मागे जातं आणि मागचं पुढे येतं. नेकरच्या ठोकळ्याची उडीच ती, फक्त यावेळी लोखंडात. त्या दिवसापासून मी पहिल्या तासाला मुलांकडून शीटवर सर्वांत आधी ती खूण शोधून घेते.

तीन चित्रांवरून घन वस्तू आपोआप उभी करण्याची पद्धत आयबीएमच्या वेस्ली आणि मार्कोव्स्की यांनी १९८१ मध्ये मांडली. तिचा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. तिन्ही चित्रांत बसणाऱ्या वस्तू एकापेक्षा जास्त निघाल्या तर ती त्या सगळ्या पुढे ठेवते.

पुरी फुगते तशी

आतापर्यंत सगळं सपाट बाजूंचं झालं. बैल, बाहुली, आंबा यांना धारा नसतात, फक्त बाहेरची रेघ असते. टोकियोच्या ताकेओ इगाराशी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये टेडी नावाचा प्रोग्रॅम दाखवला. तुम्ही बाह्यरेषा काढायची, प्रोग्रॅम तिला फुगवतो. आकाराच्या मधोमध कणा शोधायचा आणि तो कडेपासून जितका लांब असेल तितकं तिथे वर उचलायचं. पोट रुंद म्हणून ते गोल फुगतं, पाय अरुंद म्हणून ते बारीक राहतात. मागची बाजू म्हणजे पुढचीच नक्कल.

भाच्याचा बैल दोन पायांचा का झाला असावा ते इथे कळतं. बाह्यरेषेत दोन पाय असले की फुगवूनही दोनच राहतात. तो बैल चित्राशी इमानदार होता, बैलाशी नव्हता.

चितारओळीतला मूर्तिकार आणि एआय

तान्हा पोळा झाला की तीन दिवसांत गणपती. त्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, पाय ठेवायला जागा नसते. गिऱ्हाईक मोबाईलवर गणपतीचा समोरून काढलेला फोटो दाखवतं, "अशीच पाहिजे". फोटोत पाठ नसते. तरी मूर्तिकार पाठ घडवतो, शेल्याच्या चुण्या मागून कशा जातील ते घडवतो, कारण आजवर त्यानं शेकडो पाठी घडवल्या आहेत.

आजचं एआय काहीसं असंच शिकतं. संगणकात साठवलेल्या हजारो त्रिमिती वस्तू घ्यायच्या, प्रत्येकीची निरनिराळ्या कोनांतून चित्रं काढायची, आणि 'या चित्रामागे ही वस्तू' अशा जोड्या पुन्हा पुन्हा दाखवायच्या. २०१५ मध्ये खुला झालेला शेपनेट हा असाच एक संग्रह. त्याच्या मुख्य भागात ५५ प्रकारच्या सुमारे ५१,३०० वस्तू आहेत, आणि गर्दी आहे खुर्च्या, टेबलं, विमानं, मोटारगाड्यांची. बरेच प्रोग्रॅम वस्तू थेट घडवत नाहीत. आधी ते न दिसणाऱ्या बाजूंची चित्रं कल्पून काढतात आणि मग सगळी चित्रं जुळवून पृष्ठभाग उभा करतात.

म्हणून खुर्चीचं ओबडधोबड चित्र दिलं तरी चांगली खुर्ची येते, आणि चाकांवरचा लाकडी नंदी दिला की काहीतरी भलतंच येऊ शकतं. भर म्हणजे शिकताना दाखवलेली रेखाचित्रं बहुतेकदा संगणकानंच काढलेली, नेटकी असतात. माणूस रेघ दोनदा ओढतो, मान लांब करतो, डोळा मोठा काढतो.

"पण आपल्याला तर लगेच दिसतं. म्हणजे माहिती कागदावरच असणार ना?"

हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो आणि तो रास्त आहे. दिसणं इतकं सहज असतं की ते शिकलेलं आहे असं वाटत नाही. एमआयटीचे पवन सिन्हा यांनी भारतात 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केलं, ज्यात जन्मापासून अंध असलेल्या मुलांवर उपचार होतात आणि नव्यानं आलेल्या दृष्टीचा अभ्यासही होतो. नजर आल्यावर सुरुवातीला या मुलांना एकमेकांवर आलेले आकार वेगळे ओळखता येत नसत, एकच वस्तू त्यांना तुकड्या-तुकड्यांत दिसे. वस्तू हलू लागली की मात्र एकत्र हलणारे तुकडे एकाच वस्तूचे आहेत हे त्यांना कळे. रेषा त्यांच्याही समोर होत्या. त्या जोडण्याचा सराव अजून व्हायचा होता.

"एआय तर माझ्या फोटोवरून हुबेहूब बाहुली बनवतं!"

टेबलावर ठेवलेल्या छोट्या बाहुलीसारखे फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर येऊन गेले. पण तो बाहुलीचा फोटो असतो, बाहुली नसते. त्यात प्रकाश आहे, सावली आहे, खोलीचा आभास आहे, आणि तरी तो कागदासारखाच सपाट आहे. खरं त्रिमिती मॉडेल आहे का हे ओळखायला ते फिरवून पाहावं. फिरलं, तर मागची बाजू नीट बघावी. कारखान्यासाठी किंवा दवाखान्यासाठी असं मॉडेल कुणी देत असेल तर आणखी एक गोष्ट मागून घ्यावी असं मला मनापासून वाटतं: मोजलेला भाग एका रंगात आणि अंदाजानं भरलेला भाग दुसऱ्या रंगात. आज बहुतेक मॉडेलं सगळ्या बाजूंनी सारखीच गुळगुळीत येतात, आणि गुळगुळीतपणाला आपण खात्री समजून बसतो.

"आणि आतलं काय?"

दीक्षाभूमीच्या स्तूपाचं बाहेरून रेखाचित्र काढा, शेजारी सांचीच्या स्तूपाचं काढा. दोन्हीकडे अर्धगोल घुमट. सांचीचा आतून भरीव आहे, आपला पोकळ, ज्याच्या आत हजारो माणसं उभी राहून वंदना करतात. बाहेरच्या रेषेत हा फरक कुठेच नाही. मापही नाही: नुसता घुमट काढला तर तो वाटीएवढा की डोंगराएवढा हे रेष सांगत नाही. कुणीतरी एक आकडा लिहावा लागतो आणि आतला छेद वेगळा काढून द्यावा लागतो.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, "आता नंदी समोरून काढ." त्याला वेळ लागला. दोन शिंगं, दोन डोळे, दोन पाय, आणि पायांमागून किंचित डोकावणारे आणखी दोन. ॲपला दोन्ही चित्रं दिल्यावर बैल चार पायांवर उभा राहिला, शेपूट मात्र पाठीला चिकटली. तोवर सुतारकाकांचा नंदी चाकांसकट तयार झाला होता. भाच्यानं तो हातात घेतला आणि सगळ्यांत आधी उलटा करून पोट पाहिलं, कारण ते त्यानं कुठल्याच चित्रात काढलं नव्हतं. तिथे मानेपासून शेपटीपर्यंत पेन्सिलीची एक सरळ रेघ पुसायची राहून गेली होती, आणि तिच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन असे पाय होते.